कोपऱ्यातला मामा

माझ्या भावाचं नाक वाकडं आहे. तो बॉक्सिंग करतो हे कळलं की लोक त्या नाकाकडे आदरानं बघतात, आणि हा पठ्ठ्या गप्प राहून तो आदर खिशात घालतो. म्हणून मी आधीच सांगून टाकते, ते नाक कुणाच्या ठोशानं मोडलेलं नाही. माझा भाऊ काचा बसवतो. एका दवाखान्यात त्यानं स्वतःच्या हातांनी काचेचं दार बसवलं, पुसून पुसून इतकं लख्ख केलं की तिथं दार आहे हेच विसरला, आणि हत्यारांची पेटी घेऊन थेट त्यावर आदळला. काच टिकली, नाक गेलं. रक्त पुसता पुसता म्हणाला होता म्हणे, "बघा, काम कसं पक्कं झालंय!"

एकतिसाव्या वर्षी तो छापखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या बॉक्सिंग क्लबात फुटलेल्या खिडकीची काच बदलायला गेला. माझी भावजय म्हणते, तो अजून तिथून परत आलेला नाही. आता बावन्न वर्षांचा आहे. एकवीस वर्षांत तो रिंगमध्ये खराखुरा लढला एकदाच, आणि ती लढत चाळीस सेकंद चालली. त्यातही सुरुवात यानं बरी केली होती. समोरच्याच्या हनुवटीवर एक ठोसा नीट बसला. बसल्याबरोबर हा हात खाली घेऊन विचारतो कसा, "लागलं का रे?" समोरच्यानं काय उत्तर दिलं ते त्याला आठवत नाही, कारण पुढचं आठवतं ते छताचे पंखे.

क्लबचे मास्तर शहाणे माणूस. त्यांनी त्याला घरी पाठवला नाही. "मारणं तुझं काम नाही, तू मार खा," म्हणाले आणि त्याच्या हातांत पॅड्स दिली. पॅड्स म्हणजे तळहातावर चढवायच्या चामड्याच्या जाड गाद्या. समोरच्यानं ठोसे मारायचे आणि यानं ते झेलायचे. तेव्हापासून क्लबात त्याचं नाव पडलं गादी. गेल्या वीस वर्षांत त्या क्लबातून जे कुणी चांगलं लढलं, ते सगळे आधी माझ्या भावाच्या तळहातांवर शिकले. दिवसभर काचा उचलायच्या आणि संध्याकाळी मार झेलायचा, असला उद्योग. पण घरी येताना चेहरा असा की लॉटरी लागली असावी.

सामानाबद्दल बोलावं तेवढं थोडंच. ग्लोव्हजना जो वास येतो त्याला आमच्या भाषेत शब्द नाही, आणि नाही तेच बरं. भावजयीनं कायदाच केला होता, ग्लोव्हज उंबऱ्याच्या आत येणार नाहीत. मग हा जुन्या मोज्यांत लाकडाचा भुसा भरून ते मोजे ग्लोव्हजमध्ये कोंबतो आणि जोडी गॅलरीत टांगतो. हाताला गुंडाळायच्या पट्ट्या साडेचार-साडेचार मीटर लांब. त्या मशीनमध्ये टाकल्या की बाकीच्या कपड्यांना अशा गळामिठ्या मारतात की भावजय एक परकर ओढायला जाते आणि अख्खं धुणं एका माळेत बाहेर येतं. दातांवर बसवायचं रबरी संरक्षक तो ब्रशांच्या शेजारी कपात बुडवून ठेवतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं याची कवळी आली. मी चार दिवस जीव टांगणीला लावून बसले, विचारायची सोय नव्हती.

लढती बघायच्या तर त्याही त्याच्याच पद्धतीनं. जगात कुठे रात्री लढत असेल ती आमच्याकडे रविवारी सकाळी दिसते. हा टीव्हीसमोर बसून गुडघ्यावर पट्ट्यांच्या वळकट्या करतो आणि आवाज पार बंद ठेवतो. समालोचक ओरडायला लागले की माणूस त्यांच्या डोळ्यांनी बघायला लागतो, असं त्याचं म्हणणं. वहीत प्रत्येक राऊंडचे स्वतःचे गुण लिहितो. ते पंचांच्या गुणांशी क्वचितच जुळतात, आणि चूक अर्थात पंचांची असते. आवडलेला तुकडा मागे नेऊन सात-सात वेळा बघतो.

एकदा मी वैतागून विचारलं, "अरे, तीच ती मारामारी, त्यात बघायचं काय?"

"ताई, ठोसे सगळ्यांनाच दिसतात," तो म्हणाला. "तू कोपऱ्यात बघ. एका मिनिटाची विश्रांती असते, तेव्हा स्टूल कोण कसं ठेवतो, पाणी कोण पाजतो, लढणारा कुणाच्या डोळ्यांत बघतो, ते बघ. लढत तिथं कळते."

तेव्हापासून मला तीच खोड लागली. रिंगमधले दोघे काय करताहेत ते मला अजूनही धड कळत नाही, पण कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसांचे चेहरे मी बरोबर वाचते.

आता माझ्या लेकीबद्दल. तिचे बाबा जहाजावर असतात, वर्षातले आठ महिने घराबाहेर. मी औषधाच्या दुकानात काउंटरवर. पोर मामाच्याच अंगाखांद्यावर वाढली. सोळाव्या वर्षी मामाला जेवायला बोलवायला म्हणून क्लबात गेली आणि तीही तिथलीच झाली. काय बोलणार? आता तेवीस वर्षांची आहे, पार्सलची व्हॅन चालवते. ज्या रविवारची ही गोष्ट, त्याच्या आधी ती सात लढती लढली होती, त्यांतल्या पाच जिंकली होती. शहराच्या स्पर्धेत ती अंतिम फेरीला पोचली तेव्हा माझ्या भावानं आपल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला ते सांगितलं. खिडकी एकीची बसवायची आणि बातमी सगळ्या इमारतीला द्यायची, अशी त्याची तऱ्हा.

लढतीच्या पंधरा दिवस आधी तो आमच्या स्वयंपाकघरात बसला होता. लेक वजन सांभाळत उकडलेली अंडी मोजून खात होती. खाता खाता म्हणाली, "मामा, मला शब्द दे. काहीही झालं तरी टॉवेल टाकायचा नाहीस."

कोपऱ्यातून रिंगमध्ये टॉवेल पडला की आमच्या बाजूनं हार पत्करली असा अर्थ होतो. पंच तिथंच लढत थांबवतो, आणि एकदा थांबली की थांबली. कोपऱ्यात मास्तर आणि मामा असे दोघं असतात. बोलायचं काम मास्तरांचं. पाणी, स्पंज आणि टॉवेल मामाकडे.

"अगं, ते मास्तर ठरवतात," भाऊ म्हणाला.

"मास्तरांची मला भीती नाही, तुझीच आहे. तू टीव्हीवरच्या लोकांसाठीसुद्धा सोफ्यावरची उशी फेकतोस!"

हे खरं होतं. भावजयीच्या दोन फुलदाण्या त्यात गेल्या आहेत.

"टाकलास तर पुन्हा माझ्या कोपऱ्यात उभं राहायचं नाही," ती म्हणाली. हसत नव्हती. "मी लढत असताना माझ्यावर भरवसा नसलेला माणूस मला मागे नकोय."

त्यानं शब्द दिला. मी त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेले आणि तिथं गाठला. म्हटलं, "तिला काही होतंय असं वाटलं तर तू टॉवेल टाकायचास. मास्तरांना विचारत बसू नकोस. दे शब्द." त्यानं मलाही शब्द दिला. याला नाही म्हणता येत नाही, हा त्याचा जन्माचा रोग. एका संध्याकाळी एकाच घरात दोन उलटे शब्द देऊन तो सायकलवरून घरी गेला.

लढत एका शाळेच्या व्यायामशाळेत होती, रविवारी दुपारी. समोरची मुलगी अग्निशमन दलात होती, आमच्या पोरीपेक्षा वीतभर उंच. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. लेकीला मार बसताना बघायची माझी छाती नाही, म्हणून मी पूर्ण वेळ भावाकडेच बघत होते. त्याचा चेहरा म्हणजे माझा टीव्ही. पहिल्या राऊंडला त्याची मान लयीत हलत होती, म्हणजे आपलं चांगलं चाललंय. दुसऱ्यालाही तसंच. मग राऊंडच्या अगदी शेवटी एक आवाज झाला, ओल्या चादरीचा फटका बसावा तसा, आणि त्याची मान हलायची थांबली. घंटा झाली. माझ्या पुढचे लोक ओरडत उभे राहिले, आणि मला काही दिसेना.

लोक बसले तेव्हा पोर स्टुलावर होती. मास्तर समोर वाकून हातवारे करत होते. भावानं तिला पाणी पाजलं. मास्तर दोऱ्यांमधून बाहेर पडायला वळले तेवढ्यात ती त्याला काहीतरी म्हणाली. त्याच्या हातातली बाटली तशीच हवेत राहिली. घंटा झाली, स्टूल बाहेर आलं, पोर उठून पुढे गेली.

तिसरा, म्हणजे शेवटचा राऊंड संपायला चाळीसएक सेकंद होते. गुणांवर आपली पोर पुढे होती, शेजारचे लोक तसं म्हणत होते. माझ्या भावानं खांद्यावरचा टॉवेल काढला. त्याची एक घडी घातली. दुसरी घातली. मग हात खालून वर नेत तो रिंगमध्ये टाकला. टॉवेल बरोबर मध्यभागी, पंचाच्या बुटाशी जाऊन पडला.

पंचानं दोन्ही हात हलवले. लढत थांबली. तेवढ्यात माझा भाऊ ओरडायला लागला, "सुटला! अहो, हातातून सुटला! घाम होता हाताला!"

मास्तर त्याला जे बोलले ते मी इथं लिहीत नाही. पंचानं त्या दुसऱ्या मुलीचा हात वर केला. ती बिचारी स्वतःच गोंधळली होती. माझ्या लेकीनं तोंडातलं रबर काढलं आणि एवढंच म्हणाली, "शब्द दिला होतास."

"अगं, सुटला गं," भाऊ म्हणाला. "खरंच सुटला."

पुढचे दिवस फार वाईट गेले. क्लबात त्याची पार चेष्टा झाली. कुणीतरी कपड्यांचा चिमटा आणला आणि टॉवेल त्याच्या खांद्याला लावून टाकला. दुसऱ्यानं दोरी आणली. हा सगळ्यांबरोबर हसायचा, चिमटा लावून फिरायचासुद्धा. घरी आमच्याकडे आला की लेक व्हॅनची किल्ली उचलून निघून जायची. तो तिच्या मागे दाराकडे बघत राहायचा, आणि चहा निवून जायचा.

चौथ्या दिवशी मी दुकानातून लवकर सुटले आणि त्याच्या कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे एक लांबोळी खोली. भिंतीला टेकून उभ्या केलेल्या काचा, मधे जाड कापड अंथरलेलं टेबल. तो काच कापत होता. काचेवर कटरच्या छोट्या चाकाची रेघ एकदाच ओढायची असते, पुन्हा तीवरून फिरवली तर काच वाटेल तिथं तडकते. म्हणून रेघ पूर्ण होईपर्यंत मी दारातच थांबले. त्यानं रेघ ओढली, खालून टिचकी दिली, आणि काच दोन्ही हातांनी अलगद वेगळी केली.

"सुटलेला टॉवेल घड्या घालून सुटत नाही," मी म्हटलं.

त्यानं हातातला तुकडा टेबलावर ठेवला.

"सगळे रिंगमध्ये बघत होते," मी म्हटलं. "मी तुझ्याकडे बघत होते. दोन घड्या घातल्यास."

"मोकळा टाकला असता तर दोरीला अडकला असता," तो म्हणाला. मग खुर्चीवर बसला, आणि एकदम म्हातारा दिसला मला. "ताई, स्टुलावर तिनं मला विचारलं, 'कितवा राऊंड झाला?' मास्तरांनी तिला तेव्हाच सांगितलं होतं, दुसरा झाला म्हणून. मी पुन्हा सांगितलं. तर तिनं पाणी थुंकलं आणि परत विचारलं, 'मामा, कितवा झाला?' मला तिथंच थांबवायला हवं होतं. मी घाबरलो. दिलेला शब्द आठवला. पुढची दीड मिनिटं मी तिला तशीच लढू दिली. त्या विचारानं मला झोप लागत नाही."

"मग हे तिला सांग ना!"

"काय सांगू? टाकला म्हटलं तर तिला वाटेल, मामाचा आपल्यावर भरवसा नव्हता. सुटला म्हटलं तर एवढंच वाटेल की मामा वेंधळा आहे." त्यानं हाताला लागलेला काचेचा चुरा झटकला. "वेंधळा मामा चालतो गं."

आणि मग त्यानं माझ्याकडून शब्द घेतला, मी तिला काही सांगणार नाही म्हणून. मला रडू आलं. रागही आला. या माणसाला धरून गदागदा हलवावं असं वाटलं.

इकडे घरी लेक काळा चष्मा लावून चहा पीत होती. उजेड डोळ्यांत खुपतो म्हणाली. डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी मी तिच्या जाकिटात पाहिली, आणि रोज त्याच गोळ्या विकणाऱ्या बाईला यातलं काय कळायचं राहतं? तिला ओढतच हॉस्पिटलात नेलं. रिंगपाशी ज्या डॉक्टरनं डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं होतं त्याला तेव्हा काही दिसलं नव्हतं. इथल्या डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास तपासलं आणि सांगितलं, मेंदूला हादरा बसलाय. त्याच दिवशी आणखी एक फटका जोरात बसला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. तीन महिने डोक्याला धक्का लागता कामा नये.

परत येताना तिनं डॉक्टरीणबाईंचा कागद जाकिटात ठेवला. मग म्हणाली, "नशीब, त्याच्या हातातून टॉवेल सुटला."

मी जीभ दातांखाली धरली. माझा स्वभाव ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल, तो किती मोठा पराक्रम होता.

"मग आता तरी त्याच्याशी बोल," मी म्हटलं.

"बोलेन. पण आई, नशिबानं वाचले म्हणून अशा माणसाला कोपऱ्यात कसं ठेवायचं? आज टॉवेल सुटला, उद्या आणखी काही करेल. मी मास्तरांना सांगणार आहे, दुसरं कुणी बघा."

ती त्याच्याशी बोलायला लागली, पण बेतानं, पाहुण्यांशी बोलावं तशी. मास्तरांनी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, बरोबर आहे पोरीचं. दुसऱ्या दिवसापासून पॅड्स धरायला आला, पण कोपऱ्याची बादली त्यानं स्वतः घासून, पुसून मास्तरांच्या ताब्यात दिली. भावजय मला फोनवर म्हणाली, "ताई, रविवारचा टीव्ही लावत नाहीत हो. मला चक्क करमत नाही!"

दुसऱ्या महिन्यात कधीतरी, लेक घरी बसून कंटाळली होती. क्लबातल्या कुणीतरी त्या लढतीचं चित्रण पाठवलं होतं. मी भांडी पुसत होते. ती टेबलाशी बसून फोनवर बघत होती, आवाज बंद करून. मामाची शिकवण.

"आई," ती म्हणाली, "मी इकडे कधी गेले?"

मी जाऊन पाहिलं. दुसऱ्या राऊंडची घंटा झाली होती. पुढचे लोक उभे राहिल्यामुळे मला जे दिसलं नव्हतं ते सगळं तिथं होतं. माझी पोर वळली आणि समोरच्या मुलीच्या कोपऱ्याकडे चालत गेली. त्यांच्या स्टुलावर बसायला निघाली. त्यांच्या माणसानं तिला हळूच खांद्याला धरून फिरवलं आणि आपल्या बाजूला पाठवलं.

"मला हे आठवतच नाही," ती म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता.

तिनं ते मागे नेऊन पुन्हा पाहिलं. मग पुढे नेलं. तिसरा राऊंड. आता ती स्वतःकडे बघत नव्हती, बोटांनी चित्र मोठं करून दोरीपलीकडे बघत होती. तिथं एक वाकड्या नाकाचा माणूस खांद्यावरचा टॉवेल काढत होता. एक घडी. दुसरी घडी. तिनं तेवढाच तुकडा सात वेळा पाहिला असेल. मी शेजारी उभी होते, हातात तेच एक ताट पुसत.

"तुला माहीत होतं?" तिनं न बघता विचारलं.

"मी औषधाच्या दुकानात काम करते. मला काय कळतंय बॉक्सिंगमधलं?"

ती हसली नाही. फोन उलटा ठेवला आणि कपाळ टेबलावर टेकवून बराच वेळ बसली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

तीन महिने झाले, डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासून हरकत नाही म्हणून लिहून दिलं. मास्तरांनीही आधी ते पत्र दोनदा वाचलं आणि मगच तिला रिंगमध्ये घेतलं. पुढच्या लढतीचा फॉर्म आला तेव्हा ती मला घेऊन मामाच्या घरी गेली. रविवारची सकाळ होती. टीव्ही बंदच होता. भाऊ सोफ्यावर बसून धुतलेल्या पट्ट्यांच्या वळकट्या करत होता. आम्हाला बघून गडबडून उठला, भावजयीला चहा टाकायला सांगितला, मग स्वतःच टाकायला निघाला.

"बस जरा," लेक म्हणाली. फॉर्म त्याच्यासमोर ठेवला. "कोपऱ्यातल्या माणसाची सही लागते."

त्यानं कागद वाचला. पुन्हा वाचला. मग वळकटीकडे बघत म्हणाला, "अगं, दुसऱ्या कुणाला तरी घे. मास्तर देतील ना कुणी चांगला. माझं काय, माझ्या हातातून वस्तू सुटतात."

तिनं पेनचं टोपण काढलं आणि पेन त्याच्या हातात दिलं. ते देताना त्याचा हात धरला आणि सोडला नाही.

"सुटू दे, मामा," ती म्हणाली. "तुला वाटेल तेव्हा सुटू दे."